बोलणारी एक, शिवणाऱ्या सगळ्या

शिवणाच्या खोलीत कोणाचं चालतं हे ओळखायचं असेल तर कात्री कोणाच्या हातात आहे ते बघावं. मशीनवर बसणारा कितीही हुशार असो, तो वाट बघत बसतो. ठरवतो तो कापणारा. आमच्या ब्रह्मपुरीच्या दुकानात कात्री अब्बांच्या हातात होती, मग मोठ्या भावाकडे गेली. लग्न करून मी त्याच गावात दुसऱ्या टेलरच्या घरी आले, तर तिथं ती सासऱ्यांच्या हातात. मला कोणी शिकवलं नाही. दुरुस्तीला आलेले जुने सदरे मी उसवायची आणि पुन्हा होते तसे जोडून ठेवायची, त्यातून हात बसला. अक्षरंही तशीच आली. कापडाआधी वर्तमानपत्रावर माप कापायची पद्धत होती, ते कागद मी वाचत बसायची. अर्धी बातमी काखेच्या गोलाईत कापली गेलेली असायची. बाकीची मी मनानं भरून काढायची.

तर अशी मी, केस पांढरे झाल्यावर मास्तरीण झाले. गडचिरोलीला पोरींसाठी एक शिवणवर्ग चालतो. पोरी तिथंच राहतात आणि सहा महिन्यांत शिकून घरी जातात. मी सकाळच्या एसटीनं वैनगंगा ओलांडून जाते आणि दिवे लागायच्या वेळेला परत येते. तिथं सगळ्या मला चाची म्हणतात, मॅडमसुद्धा. मॅडम म्हणजे वर्ग चालवणारी. वयानं माझ्या धाकट्या सुनेएवढी, कामाला खमकी, पोरींच्या जेवणाखाण्यासाठी कोणाशीही भांडेल. पण वरून कागद आला की बाईचा चेहरा उतरतो. कागदाला ती फार भिते. मी भीत नाही, कारण माझ्या हाताखालून कागद नेहमी कापूनच गेलेला आहे.

मागच्या एका बॅचला असाच नवा कागद आला. आता गटानं काम करायचं. पाच पोरींचा एक गट, आणि गटाला एक ऑर्डर. आमच्या गटांना आश्रमशाळेच्या लहान पोरींचे चौकड्याचे फ्रॉक मिळाले होते. माप घेण्यापासून इस्त्रीपर्यंत सगळं गटानंच करायचं. फ्रॉकचे गुण सगळ्या गटाला मिळून, आणि वर प्रत्येकीला वेगळे गुण 'सहभागा'चे. एकूण गुणांवर श्रेणी. पहिली श्रेणी आली तर सरकारी योजनेतून शिलाई मशीन, दुसरी आली तर नुसतं प्रमाणपत्र.

एका गटातली एक पोरगी आलापल्लीच्याही आतल्या गावची होती. माडिया गोंड. जीप जिथं थांबते तिथून पुढं तिला बरंच चालावं लागायचं. तिच्या गावात एकही मशीन नव्हतं. फाटलेलं कापड गावातले लोक आठवडी बाजाराला घेऊन जायचे, ते तिथल्या टेलरकडे पडायचं आणि पुढच्या बाजाराला परत यायचं, कधी कधी दुसऱ्याचंच. ही सहा महिने घर सोडून राहिली होती ती यासाठीच. मशीन घेऊन गावात जायचं. मशीन नाही मिळालं तर शिकलेलं सगळं हातातच वाळून जाणार होतं. नुसतं प्रमाणपत्र घेऊन काय करायचं, त्याला पायडल नसतं.

त्याच गटात गडचिरोलीतली एक पोरगी होती. बापाचा बस स्टँडजवळ चहाचा ठेला, आणि ही लहानपणापासून गिऱ्हाइकांना कप नेऊन देणारी. त्यामुळे जीभ अशी तयार की कंडक्टरलाही दोन शब्द कमी पडावेत. बाकीच्या तिघी आरमोरीकडच्या धानपट्ट्यातल्या, रोवणे-कापणीत वाढलेल्या, कष्टाळू, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेल्या.

पहिल्या दिवशी ठेल्यावालीनं कात्री उचलली. दुसऱ्या दिवशी आल्याबरोबर तिनंच उचलली. तिसऱ्या दिवशी तर ती उशाशी घेऊन झोपली असावी, कारण मी खोलीत शिरायच्या आधीच तिच्या हातात होती. आरमोरीच्या तिघी मशीनवर बसून कापलेल्या तुकड्यांची वाट बघत. माडिया पोरगी भिंतीला टेकून काज करत बसलेली. कोणी तिला काही विचारत नव्हतं आणि ती कोणाला सांगत नव्हती. मॅडम दारातून डोकावल्या आणि म्हणाल्या, "सगळ्यांनी सहभागी व्हा बरं." सगळ्यांनी माना हलवल्या आणि जिथं होत्या तिथंच बसून राहिल्या.

हे मी पुष्कळ बघितलंय. सहभागी व्हा म्हटल्यानं कोणी सहभागी होत नाही. कोणीतरी जागा सोडावी लागते, आणि सोडणारीला ते दुखतं. म्हणून मी नियम केला. कात्री रोज सकाळी पुढच्या पोरीकडे जाणार. बाकीची कामंही तशीच फिरणार. आज काज करणारी उद्या इस्त्रीला, इस्त्रीवाली परवा कॉलरला.

ठेल्यावाली लगेच उठली. "चाची, कापड बिघडलं तं?"

"बिघडू दे. बाहुलीचा फ्रॉक करू."

"हिले बी देता का कात्री?" तिनं भिंतीकडे मान केली. "तिले मराठी तं येऊ द्या आधी."

"कापड कोणत्या मराठीत बोलून राह्यलं तुह्याशी?"

आरमोरीच्या तिघी हसल्या. माडिया पोरगी हसली नाही, पण तिनं काजाची सुई कापडात टोचून ठेवली आणि वर बघितलं. माझ्यासाठी तेवढं पुष्कळ होतं.

तिची पाळी आली तेव्हा तिनं कापलेली पहिली कॉलर एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड आली. खोटं कशाला सांगू, कापण्यात ती काही उस्ताद नव्हती. ठेल्यावालीला आनंद झाला. ती म्हणाली, "मी म्हटलं नोतं?"

मी म्हटलं, "तू पहिल्या दिवशी कापलेली बाही मी कपाटात ठेवलीय. आणू काय?"

"नाई, राहू द्या," ती म्हणाली आणि खाली बघून बॉबिन भरायला लागली.

पंधरा दिवसांत गट वेगळाच दिसायला लागला. कापणारी दुसरीच असली की बाकीच्या विचारायला लागल्या, काऊन असं ठेवलं, इथी टाका कमी काऊन धरला. माडिया पोरीला मराठी समजायचं सगळं, बोलायची कमी. चुकीचा टाका दिसला की ती बोट ठेवायची आणि म्हणायची, "हिल्ले." म्हणजे नाही. आधी तिघी हसायच्या, मग त्याही तसंच म्हणायला लागल्या. ठेल्यावालीनं तर तो शब्द असा उचलला की मेसमध्ये भाजी नको असली तरी, "हिल्ले, मले नको."

माडिया पोरीला बोलतं करायचे प्रयत्न मीही करून बघितले. उभं करून विचारलं, तर उभी राहिली. बसवून विचारलं, तर बसली. शेवटी मी तो नाद सोडला. हात चालत होता, बाकीच्यांचं ऐकत होती, अडलेली पोरगी तिच्याकडे सरकत होती. आणखी काय हवं होतं मला? आश्रमशाळेत लहान पोरींची मापं घ्यायला मी ठेल्यावालीला पुढं केलं. एक चिमुरडी टेपला बघून पळायला लागली, तर हिनं तिला असं बोलण्यात गुंतवलं की माप घेऊन झालं तरी ती पोरगी हलेना. बोलणंही कामाला येतं, मी मनाशी म्हटलं. पण तेव्हा मनातल्या मनात मी त्याला अर्धंच काम धरत होते. तुरपाईच्या, म्हणजे हातानं कडा दुमडून शिवायच्या वेळी ही बाई पाणी प्यायला जायची आणि आरामात यायची, ते मला दिसत होतं.

मग आला तो दिवस, जेव्हा पोरींनी एकमेकींना गुण द्यायचे होते. ही कल्पना मला खरंच आवडली होती. सोबत काम केलेल्याला जे दिसतं ते बाहेरच्याला दिसत नाही. प्रत्येकीला चिठ्ठी दिली. कोणी किती हातभार लावला, ते लिहायचं. संध्याकाळी मॅडम चिठ्ठ्या घेऊन माझ्याकडे आल्या, कपाळाला आठ्या.

"चाची, बाकीच्या गटांनी बरोबर लिहिलंय, कमी-जास्त. या गटानं सगळ्यांना सारखेच. पाचही जणींनी. ही मिलीभगत आहे."

मी गटाला बोलावलं. विचारलं कोणी ठरवलं असं. आरमोरीच्या तिघी माडिया पोरीकडे बघायला लागल्या. ती पायाच्या अंगठ्यानं जमीन खरवडत, हळूहळू, शब्द शोधत बोलली.

"आमच्या गावात बोडीचे मासे मारते. सगळं गाव येते. कोणी जाळं ओढते. कोणी टोपली धरते. कोणी काठावरून सांगते, तिकडे पळाले, तिकडे. मंग ढीग करते. सगळे सारखे."

"काठावरून ओरडणाऱ्यालेही सारखा?"

"त्यानं नाई सांगतलं तं मासे पळते."

ठेल्यावाली माझ्याकडे बघत होती. मला कळलं की ती काठावरची कोण हे तिलाही कळलंय.  बोडी म्हणजे आमच्याकडे गावचं लहान तळं, हे मी मॅडमना सांगितलं आणि म्हटलं, "ही मिलीभगत नाही, यांचा हिशेब आहे. तुम्ही तो मोडू नका." मॅडमनी चिठ्ठ्या तशाच ठेवून दिल्या. म्हणाल्या, "परीक्षक बघतील."

परीक्षक बाहेरगावचे. माणूस वाईट नव्हता. पोरींना आधी बसायला सांगितलं, स्वतः मग बसले. फ्रॉक उलटसुलट करून बघितले, शिलाई ओढून बघितली, मान हलवली. मग सहभागाकडे वळले. चिठ्ठ्यांत सगळ्यांना सारखेच गुण बघून त्या बाजूला ठेवल्या. कागदात लिहिलेलं होतं की प्रत्येकीला विचारावं.

ठेल्यावाली उभी राहिली आणि सुटली. कापड किती आलं, माप कसं घेतलं, कुठं चुकलं, कसं सुधारलं. परीक्षक खूश. आरमोरीच्या तिघींनी दोन-दोन वाक्यं कशीबशी म्हटली. मग माडिया पोरीची पाळी.

"तुम्ही गटात काय केलं?"

गप्प.

"हे काज कोणी केले?"

गप्प. ठेल्यावाली म्हणाली, "सर, काज तिनंच. बाह्या बी तिनंच बसवल्या."

"मी त्यांना विचारलं."

पोरगी समोर बघत उभी. घाबरली असती तर मला समजलं असतं, पण ती घाबरलेली नव्हती. नुसती बंद होती, दाराला आतून कडी लावावी तशी. परीक्षकांनी थोडी वाट बघितली, मग लिहिलं. मी मागून बघितलं. सहभागाच्या खाली जवळजवळ काहीच नाही. पहिली श्रेणी गेली.

शेवटी त्यांनी कागद माझ्यापुढं सरकवला. परीक्षकाच्या सहीखाली शिकवणारीची सही लागते.

"इथं, बाई."

"नाही करत."

त्यांना वाटलं मला जागा दिसली नाही. बोट ठेवून दाखवलं. मी म्हटलं, "दिसली. करत नाही."

"बेरीज चुकली काय?"

"बेरीज बरोबर आहे. गुण चुकले."

"त्या एक शब्द बोलल्या नाहीत."

"हे गुण सहभागाचे आहेत का बोलण्याचे?"

"बोलल्याशिवाय सहभाग कळणार कसा?"

"मला कळतो. मी रोज बघते."

"तुमचं मत मॅडमना लिहून द्या. परीक्षकानं विचारायचं, हा नियम आहे."

"विचारा की. उत्तर तोंडानंच आलं पाहिजे असं कुठं लिहिलंय, ते दाखवा फक्त."

त्यांनी कागद चाळला. दिसलं नाही. बाहेर जीप उभी होती, ड्रायव्हर हॉर्न देत होता, त्यांना त्याच दिवशी दुसऱ्या वर्गावर पोचायचं होतं. ते उठता उठता म्हणाले, टोमणा मारायचा म्हणून नाही, खरंच विचारलं त्यांनी, "बाई, तुमचं शिक्षण किती झालं?"

"काहीच नाही. म्हणून तर वाचल्याशिवाय सही करत नाही."

जीप गेली. कागद मॅडमच्या टेबलावर राहिला. आणि मी व्हरांड्यात जाऊन त्या पोरीवर भडकले. बाहेरच्याशी भांडून आलेली बाई घरच्यावर भडकते, तशी.

"काऊन बोलली नाई तू? सगळं येते तुले. कोणासाठी भांडून राह्यली मी?"

ती शांतपणे म्हणाली, "ठरलं होतं."

"काय ठरलं होतं?"

"ती बोलन म्हून. काल रात्री आम्ही ठरवलं. सगळ्यायनं हो म्हटलं."

"अवं, पण साहेबानं तुले विचारलं ना."

"मी बोलली तं तिची बात कापली ना, चाची." मग ती थांबली, आणि मला लहान मुलाला सांगावं तसं सांगितलं. तिच्या गावात कोणी साहेब आला की आधी सगळे मिळून बसतात. हवं तितकं आपसात भांडतात. ठरलं की एक जण साहेबाशी बोलतो, दुसरा कोणी तोंड उघडत नाही. साहेब मुद्दाम एकेकाला विचारतो, तरी नाही. "दुसरा बोलला तं साहेबाले वाटते गाव फुटलं."

 आरमोरीच्या तिघींनीही रात्री हो म्हटलं होतं, पण परीक्षकांनी विचारल्याबरोबर विसरल्या आणि त्यांचे गुण वाचले. ही एकटी गटाच्या शब्दाला धरून उभी राहिली, आणि कागदावर हिचाच सहभाग नव्हता. आता सांगा, मी सही कशी करायची?

"मी सांगतलं तं बोलशील?"

"गटानं सांगतलं तं."

बघा म्हणजे. माझंही चालणार नव्हतं.

पुढचे दिवस बरे गेले नाहीत. निकालाचा कागद सगळ्या वर्गाचा एकच, त्यामुळे माझी सही नाही म्हणून सगळ्यांचाच निकाल अडला. दुसऱ्या गटांतल्या पोरी माझ्याकडे अशा बघायच्या जशी मीच त्यांचं मशीन उचलून नेलंय. एक तर तोंडावर म्हणाली, "चाची, एकीसाठी आम्हा सगळ्यायले कायले लटकवता?" तिचंही खोटं नव्हतं. मी म्हटलं, "तुझ्यासाठीही लटकवलं असतं." ती म्हणाली, "माह्यासाठी नका लटकवू, मले घरी जायचं हाय."

मॅडमना वरून फोन येत होते. एक दिवस त्या माझ्याजवळ बसल्या, आवाज खाली करून म्हणाल्या, "चाची, पुढच्या बॅचला दुसरी बाई बघा म्हणतात."

"बघू द्या."

"तुम्ही नसलात तर मला जड जाईल."

"मग तसं सांगा त्यांना."

फोन पुन्हा वाजला, तशा त्या उठल्या. घरी आमचे हे दुकानात इस्त्री करता करता म्हणाले, भांडायला घरात माणूस कमी पडला काय. मी म्हटलं, तुमच्याशी भांडून भांडूनच तर हात तयार झालाय.

पण नुसतं नाही म्हणून बसणं म्हणजे भांडण नव्हे, अडवणूक. हे मलाही कळत होतं. शेवटी मी मॅडमना माझी अट सांगितली. मी गुण मागत नाही. परीक्षकांनी एक सकाळ यावं, गट काम करत असताना बघत बसावं. काही विचारायचं नाही. बघून झाल्यावर ते जे गुण लिहितील त्यावर मी सही करीन. कमी दिले तरी करीन.

"कमी दिले तरी?" मॅडमनी दोनदा विचारलं.

"तरी."

त्या रात्री मला झोप नीट लागली नाही हे खरं. पण दुसरा मार्ग मला दिसत नव्हता. माझं बघणं खरं मानायचं असेल तर त्यांचंही मानावं लागणार होतं. मॅडमनी परीक्षकांना कळवलं. कागदाला भिणारी ती बाई, पण हे पत्र तिनं स्वतःच्या नावानं लिहिलं. एवढं मी विसरणार नाही.

परीक्षक आले. मी त्यांना दाराजवळ स्टूल दिलं, चहा दिला आणि म्हटलं, "आता आम्हाला विसरा." आश्रमशाळेचे काही फ्रॉक शिल्लक होते, गट त्यावर बसला. सुरुवातीला पोरी लाकडासारख्या. ठेल्यावाली उगीच मोठ्यानं सांगत होती, आता मी कॉलर लावते, आता मी पट्टी लावते. कोणी उत्तर देईना, तसं तिनंही सोडून दिलं आणि काम सुरू झालं.

मग मशीनचा आवाज लागला. तो लागला की खोलीत दुसरं काही उरत नाही. त्या दिवशी कात्री आरमोरीच्या एकीकडे होती. ती कुठं अडली की तुकडा माडिया पोरीपुढं सरकवायची. ती बघायची, खडूनं एक रेघ मारायची, परत द्यायची. ठेल्यावालीनं बाही उलटी लावली. माडिया पोरीनं तिच्या मनगटाला नुसतं बोट लावलं. "हिल्ले," ठेल्यावाली स्वतःच म्हणाली, आणि उसवायला बसली. दुसरीचा दोरा संपत आला तर भरलेली बॉबिन तिच्या हाताशी आधीच येऊन पडलेली. कोणी ठेवली हे बघायला परीक्षकांना मान वळवावी लागली. बारीक आवाजात त्यांचं सारखं चालू होतं, अर्धं मराठी, अर्धं गोंडी, त्यांचं त्यांनीच जमवलेलं. माडिया पोरगी बोलत होती. बाकीच्यांपेक्षा जास्त बोलत होती. एकदा तर तिनं काहीतरी असं म्हटलं की तिघी तोंडावर हात ठेवून हसल्या आणि एकीचा टाका वाकडा गेला.

परीक्षक हळूच माझ्याकडे वळले. "ह्या तर बोलतात."

ठेल्यावालीच्या कानाला सगळं ऐकू जातं. मशीनवरून मान न उचलता ती म्हणाली, "सर, ती बोलतेच. तुम्ही विचारता तवा बोलत नाई."

मग मी त्यांना पहिल्या परीक्षेच्या आदल्या रात्रीच्या ठरावाची गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत, मान हलवली. कितीतरी वेळ बसले. तुरपाईची वेळ आली, तशी ठेल्यावाली सवयीनं पाणी प्यायला गेली. तेही त्यांनी बघितलं.

गुण लिहून त्यांनी कागद माझ्यापुढं ठेवला. माडिया पोरीचे सहभागाचे गुण गटात सगळ्यांत वर. ठेल्यावालीचे आधीपेक्षा खाली आलेले. तरी पहिली श्रेणी दोघींनाही मिळाली. मी सगळं वाचलं, आणि सही केली.

संध्याकाळी ठेल्यावालीनं मला बस स्टँडवर गाठलं, बापाच्या ठेल्यावरचा चहा हातात देऊन. रागात होती.

"माहे काऊन कमी झाले? तिच्यासाठी तुम्ही भांडल्या, अन् कापले माहे."

"पाणी प्यायला कोण गेलं होतं?"

"सगळ्यायले तहान लागते."

"तुरपाईच्याच वेळी लागते?"

तिनं मान फिरवली. तशीच म्हणाली, "अन् मी गप्प राहिली असती तं माह्यासाठी भांडल्या असत्या?"

"तू गप्प राहून तर दाखव आधी."

ती हसली, पण राग काही लगेच गेला नाही, आणि मी तो घालवायलाही गेले नाही. बरोबर दिलेला कमी गुण गोड बोलून झाकायचा नसतो. तुरपाई करायची ताकद तिच्या हातात होती, म्हणूनच तो कमी गुण बरोबर होता. आणि हेही सांगते, पोरींनी स्वतः तिला सारखा वाटा दिला होता, तो त्यांचा हक्क. परीक्षकाचा आणि माझा हक्क तेवढा मोठा नाही. आम्हाला दिसलं तेच लिहिता येतं. पण त्यासाठी आधी बघायला बसावं लागतं. जो बसत नाही त्यानं गुण लिहू नयेत, असं मी त्यानंतर मॅडमच्या तोंडावर, आणि मॅडमच्या साहेबांच्या तोंडावरही म्हटलं.

मला पुढच्या बॅचला बोलावलं, थोडं उशिरानं. कागद तोच आला. विचारावं, गुण द्यावेत. मी मॅडमना म्हटलं, तारीख आधी कळवा आणि परीक्षकांसाठी स्टूल काढून ठेवा. त्या म्हणाल्या, "चाची, दर वेळी असंच करणार काय?" मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यांना एसटी चढता येते तोवर." त्यांनी स्टूल पुसून ठेवलं.

माडिया पोरीचा मध्ये फोन आला. तिच्या गावात सगळीकडे नेटवर्क नाही, एका टेकाडावर चढून करते. मशीन पोचलं होतं, चालत होतं. गावातल्या तीन पोरी तिच्याकडे शिकायला यायला लागल्या होत्या.

"चाची, एक पोरगी लय बोलते. हाताले काम नाई लावत."

मी हसले. "मग काय करून राह्यली तिचं?"

"तिले बाजारात पाठवली. बाजारात लोकायचे कपडे घेऊन येते, माप बी घेते." वारा जोरात होता, आवाज तुटत होता. "पण तुरपाई तिलेही करा लागन म्हटलं मी."

"ऐकते काय?"

"नाई ऐकत," ती म्हणाली. "बसवली हाये समोर. मी बी नाई उठत."